कशानं कमी होतं?

१

केशरबाईंसमोर ठेवलेल्या काचेच्या ग्लासावर काठापासून बोटभर खाली एक निळी रेघ होती, आणि पाणी बरोबर त्या रेघेला टेकलं होतं. बोलणं सुरू झालं तेव्हाही ते तिथेच होतं. मधे वीज गेली, पंखा थांबला, पुन्हा फिरायला लागला, तरी पाणी रेघेलाच टेकलेलं होतं. बाहेर मे महिन्याच्या उन्हानं केदारखेड्याच्या स्टँडवरचं डांबर मऊ पडलं होतं, आणि केशरबाई गावाच्या पार दुसऱ्या टोकाहून चालत आल्या होत्या.

सुमेधानं रेघेकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "तहान कशी आहे म्हणालीस, मावशी?"

"लई हाय बाळा. घडीघडीला घोट लागतो. घोट घेतला की पुन्हा तोंड कोरडं."

"एकदम तांब्याभर प्यावंसं वाटतं, का घोटघोटच?"

"घोटघोटच. उशाशी तांब्या लागतो."

सुमेधानं लिहून घेतलं. तिच्या दवाखान्यात नवा आलेला माणूस पहिल्यांदा वैतागायचाच. डोकं दुखतंय, गोळी द्या, एवढंच त्याचं म्हणणं असायचं. सुमेधा विचारायची, कुठल्या बाजूचं? उन्हानं वाढतं का वाऱ्यानं? कुणी जवळ बसलं की बरं वाटतं का चीड येते? झोपताना पाय पांघरुणाबाहेर लागतात का? औषध दुखण्याला द्यायचं नसतं, माणसाला द्यायचं असतं, असं ती होमिओपॅथीच्या कॉलेजात शिकली होती. एकाच घरात दोघांना एकाच दिवशी ताप आला तरी एक जण पाणी मागत सुटतो आणि दुसरा ग्लासाला हात लावत नाही; मग दोघांच्या गोळ्या वेगळ्या. तहान, झोप, भीती, स्वभाव मिळून माणसाचं एक चित्र तयार होतं, आणि ते नीट उतरलं की औषधाचं नाव आपसूक समोर येतं.

केशरबाईंचं चित्र उतरत नव्हतं.

तसं त्या महिन्यात गावात कुणाचीच तब्येत ठिकाणावर नव्हती. शेळ्या घेऊन परतणाऱ्या कडूबाला दिवस मावळताना नळकांडी पुलापाशी एका पांढऱ्या पिकअपनं उडवलं होतं. लोक पोचले तेव्हा गाडीचं नाक पुलाच्या कठड्यात घुसलेलं होतं, दार उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. कडूबा तिथेच गेला. गाडी मोसंबी-कापसाचे व्यापारी अण्णासाहेबांची. पण ती क्लचच्या कामासाठी मुजाहिदच्या गॅरेजात लावलेली होती. चावी शेडमधल्या खिळ्याला. मुजाहिद सांगत होता, मी गॅरेजचं दार नुसतं ओढून घेऊन विहिरीवर आंघोळीला गेल्तो. विहिरीवर त्याला कुणी पाहिलं नव्हतं. पोलिसांनी गुन्हा त्याच्यावरच लावला होता, आणि आता तो जामिनावर होता. त्याचा जोडीदार मिथुन, म्हणजे केशरबाईंचा एकुलता एक मुलगा, त्याच दिवशी सकाळच्या एसटीनं पुण्याला गेला होता. कंपनीत ड्रायव्हरच्या जागेसाठी. मुजाहिदनं स्वतःच त्याला स्टँडवर सोडलं होतं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांत केशरबाई पहिल्यांदा आल्या होत्या. "माळवदावरून उतरताना शिडीवरून पडले, मुका मार लागला," म्हणाल्या होत्या, आणि उजव्या खांद्यावर बोट ठेवून ते छातीवरून तिरपं खाली, डाव्या कमरेपर्यंत ओढलं होतं. दाखव म्हटलं तर, "बाहेर लोकं बसलेत, असू दे." मुक्या माराला अर्निका. सुमेधानं ती दिली होती.

आज तिसरी खेप.

"झोप?"

"पडले की लागते. आधी जरा रडू येतं, मंग लागते. सकाळी अंगणात आले की मोकळं वाटतं." केशरबाई थांबल्या. "पर दचकून उठायला बी होतं. गाडीचा हॉर्न वाजला की काळजात धस्स. मंग बसूनच ऱ्हायचं."

"मग झोप लागते का नाही?"

"दोन्ही लिही."

"आणखी?"

"गळ्याला काही सहन होत न्हाई. गुदमरून जातं. आन् अंगभर खाज. खाजवून खाजवून रक्त निघून राह्यलं."

झळ लागू नये म्हणून केशरबाईंनी पदर कानांवरून घेऊन गळ्याभोवती दोनदा घट्ट गुंडाळला होता. हात टेबलावर होते. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी कोरडी, काळी आणि गुळगुळीत. एक ओरखडा नव्हता.

सुमेधाचा शेवटचा प्रश्न नेहमी एकच असायचा. "मावशी, हे सगळं कशानं कमी होतं? गार पाण्यानं, वाऱ्यानं, कुणाशी बोलून, कशानंही. जरा बरं कधी वाटतं?"

इतका वेळ पटापट उत्तरं देणाऱ्या केशरबाई गप्प झाल्या. ग्लासाकडे पाहत राहिल्या. सुमेधानं वाट पाहिली. दुखणाऱ्या माणसाला बाकी काही सांगता येत नाही, तरी हे येतं. लहान लेकरालासुद्धा येतं.

"ते मी," केशरबाई उठत म्हणाल्या, "इचारून सांगते."

आणि आपण काय बोललो ते कळल्यासारख्या त्या दारातच थबकल्या. "म्हंजे, ध्यान देऊन बघते," असं म्हणून पायऱ्या उतरून गेल्या.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी आमिना आली, तेव्हा तिच्या मागे तिचा लेक मुजाहिदही होता. तो आत आला नाही. पायरीवर, उन्हात बसला.

"आत ये ना, तुलाही बघते," सुमेधा म्हणाली.

"मी बरा हाय डॉक्टरबाई. अम्मीला बघा."

"बरा हाय म्हणे," आमिना बाकावर बसत म्हणाली. "जेवत न्हाई, बोलत न्हाई. गॅरेजला कुलूप. कालपर्यंत जे लोक मुजाहिदभाई मुजाहिदभाई करत होते ते रस्ता बदलून जातात. आन् आता ह्यानं ठरवलंय, सोमवारी भोकरदनला कोर्टात जाऊन हो म्हणायचं. मीच चालवली म्हणायचं."

सुमेधाच्या हातातली बाटली टेबलावर जरा जोरात टेकली. "का? चालवली नाही तर का म्हणायचं?"

"वकील म्हणतो कबूल कर, शिक्षा कमी लागंल," पायरीवरून मुजाहिदचा आवाज आला. मान वळवलेली नव्हती. "अण्णासाहेब म्हणतात कबूल कर, माझी गाडी सुटंल. सगळ्यांचं सुटतंय. मी एकटा न्हाई न्हाई म्हणून थकलो. चावी माझी, गॅरेज माझं. लोकांना दुसरं कोण दिसंल?"

"ऐकलं, खाला?" सुमेधा आमिनाला म्हणाली. "असं पायरीवर बसून केस घेता येत नाही. याला आत आण."

आमिना उठली आणि लेकाच्या शर्टाला धरून तिनं त्याला आत आणलं. एवढा मोठा माणूस, शाळेतल्या पोरासारखा आला.

सुमेधानं त्याला नेहमीचे प्रश्न विचारले. तहान बरी होती. झोप सकाळी लागायची. राग कुणाचा येत नव्हता, आणि हेच आमिनाला भिववत होतं. मग सुमेधानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "अंगावर कुठं मार? छाती, खांदा?"

"मार कशाचा? पोलिसांनी बी इचारलं तेच. शर्ट काढून दाखवला. काय न्हाई."

"बेल्ट लावला असेल म्हणून वाचलास म्हणाले असतील."

मुजाहिद कितीतरी दिवसांनी हसला. "गॅरेजवाला कधी बेल्ट लावतो का, डॉक्टरबाई? दुसऱ्याची गाडी, इथून तिथं फिरवून बघायची. त्यो मिथुन्या मात्र लई पक्का. कंपनीत मुलाखतीला बघतात म्हणून सवय लावून राह्यला होता. उभ्या जागी इंजन चालू करून बघायचं असलं तरी आधी बेल्ट. मी म्हणायचो, अरे, जॅकवर चढवलेली गाडी हाय, कुठं पळून चालली?" हसू विरलं. "एक फोन केला न्हाई त्यानं. केशरमावशीच्या अंगणात जाऊन इचारून आलो. म्हणल्या, कंपनीत फोन जमा करून घेतात."

"कोणती कंपनी अशी?" आमिना म्हणाली. "एकाच ताटात जेवलेली पोरं. कामाला लागला आन् विसरला."

"विसरू दे अम्मी. सुखात ऱ्हाऊ दे."

जाताना आमिना दारात थांबली. "मी कडूबाच्या घरी गेल्ते, बेटी. कुणी काय म्हणू दे म्हणलं. त्याच्या बायकोनं, चांगुणाबाईनं, हाकललं न्हाई. एवढंच इचारलं, आमिना, तुझ्या पोराला विचार, शेवटी पाणी तरी पाजलं का त्याला. मी काय सांगू? माझ्या पोराला ते कसं माहीत असंल?"

३

अण्णासाहेब आले ते दुपारची गर्दी ओसरल्यावर, टोपीनं वारा घेत.

"द्या डॉक्टरीणबाई, तुमच्या साखरेच्या गोळ्या द्या. बायको म्हणते मला शुगर हाय, आन् तुम्ही साखर चारता."

"तेवढ्या साखरेनं शुगर वाढत नाही, अण्णासाहेब. काय होतंय?"

"खांदा. उजवा. मरणाचा ठणकून राह्यला."

सुमेधाचं पेन थांबलं. उजवा खांदा. कठड्यावर गाडी आदळली तर चालवणाऱ्याला मार लागणारच. गाडी अण्णासाहेबांची. चावीचा खिळा त्यांना माहीत होता. अपघाताच्या दुपारी ते गॅरेजात येऊन गाडी तयार नाही म्हणून मुजाहिदवर ओरडून गेले होते, हे अर्ध्या गावानं ऐकलं होतं. आणि आता मुजाहिदनं कबुली द्यावी म्हणून सगळ्यात जास्त घाई त्यांनाच होती.

"कुठून कुठपर्यंत दुखतं? बोटानं दाखवा."

अण्णासाहेबांनी बोट लावलं नाही. अख्खा पंजा खांद्यावर ठेवला, वाटीवर झाकण ठेवावं तसा. "इथं. हात वर जाईना. भांग पाडायचा तर बायकोला हाक मारावी लागते, आन् ती दोन शब्द सुनावल्याशिवाय कंगवा हातात घेत न्हाई."

"छातीवर? खाली कमरेकडं?"

"छाती मजबूत हाय. नुसता सांधा."

"कधीपासून?"

"आता इचारता? दिवाळीत तुम्हीच गोळ्या दिल्त्या. विसरलात?"

सुमेधाला आठवलं. दिवाळीत ते याच खुर्चीत, असाच पंजा ठेवून बसले होते. जुनं दुखणं, सांध्याचं. तिनं मनातल्या मनात त्यांचं नाव बाजूला ठेवलं, आणि अपघाताच्या संध्याकाळी कुठं होतात हेही विचारलं.

"भोकरदनच्या बाजारात. मोसंबीचा सौदा. चार व्यापारी साक्षीला हायेत, आन् येताना गाडीभाडं बी त्यांच्याकडूनच उसनं घेतलं. स्वतःची गाडी असती तर जीपमध्ये कोंबून आलो असतो का?" मग ते आवाज खाली घेऊन म्हणाले, "पोरगं वाईट न्हाई मुजाहिद. पर गाडी पोलिसात गंजून राह्यली. माझा बी धंदा हाय. तुमच्या केशरबाईसारखं मला घरात माल कोंडून बसता येत न्हाई."

"म्हणजे?"

"तिचा कापूस. गावातला सगळा कापूस गेला. मी स्वतः गेल्तो, भाव बी बरा सांगितला. म्हातारी खोलीपाशी फिरकू देईना. कुलूप लावून किल्ली कमरेला. या उन्हात कापूस घरात ठेवला तर अंगाला खाज सुटते म्हणलं, माणसं राहू शकत न्हाईत. तर म्हणते, मला न्हाई सुटत."

ते गोळ्या घेऊन गेले. सुमेधानं केशरबाईंचा कागद पुन्हा काढला. मला न्हाई सुटत, असं केशरबाई अण्णासाहेबांना म्हणाल्या होत्या. आणि तिला म्हणाल्या होत्या, रक्त निघेपर्यंत खाजवतेय.

४

शनिवारी तिला औषधं आणायला भोकरदनला जावं लागलं. परतताना जीप भरलेली होती, ड्रायव्हरनं तिला मॅडम म्हणून पुढची जागा दिली आणि म्हणाला, "बेल्ट ओढून घ्या, पुढं चेकिंग हाय."

तिनं पट्टा ओढला. तो डाव्या खांद्यावरून आला, छातीवरून तिरपा गेला आणि उजव्या कमरेशी खटका बसला. नळकांडी पूल जवळ आला तसा ड्रायव्हरनं वेग कमी केला. कठड्याचे तुटलेले दगड अजून तसेच पडलेले होते. पुढं एक म्हैस आडवी आली. त्यानं करकचून ब्रेक दाबला.

पट्टा तिच्या छातीत रुतला. नेमका एका तिरप्या रेघेत.

तिनं शेजारी पाहिलं. ड्रायव्हरचा पट्टा उलट बाजूनं होता. उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेला.

शिडीवरून पडलेल्या माणसाला मार लागतो तो कोपराला, गुडघ्याला, माकडहाडाला. छातीवर तिरपी रेघ उमटत नाही. ती रेघ पुलाच्या कठड्यावर आदळलेल्या गाडीतली होती, आणि स्टिअरिंगमागं बसलेल्या माणसाची होती. मुजाहिद बेल्ट लावत नव्हता, त्याच्या अंगावर काही नव्हतं. अण्णासाहेबांचा सांधा दिवाळीपासूनचा. आणि एक माणूस असा होता, जो उभ्या गाडीतसुद्धा आधी बेल्ट लावायचा.

सुमेधानं डोळे मिटले, आणि इतके दिवस न उतरणारं चित्र आपोआप दोन झालं. एका बाजूला रडून झोपणारी, अंगणात मोकळं वाटणारी, उन्हातून येऊनही पाण्याला न शिवणारी बाई. ही केशरमावशी. दुसऱ्या बाजूला झोप नाही, घोटघोट पाणी, हॉर्न वाजला की धस्स, गळ्याशी बटन सहन होत नाही, अंगभर कापसाची खाज. शिडी सोडली तर मावशी खोटं काहीच बोलली नव्हती. दोघांचं एका बाटलीत भागावं म्हणून तिनं दोन माणसांची दुखणी एकाच नावावर सांगितली होती. आणि कशानं कमी होतं, एवढंच सांगू शकली नव्हती, कारण ते तिनं त्याला कधी विचारलंच नव्हतं.

जीप स्टँडवर थांबली. सुमेधा उतरली आणि औषधांची पिशवी धरून तिथेच उभी राहिली. पोलिसांकडे जावं तर पेशंटनं दवाखान्यात सांगितलेलं ती आजवर कधी दाराबाहेर बोलली नव्हती, आणि ज्या दिवशी बोलेल त्या दिवसापासून गावात कुणी तिला खरं सांगणार नव्हतं. गप्प बसावं तर परवा मुजाहिद न केलेलं कबूल करणार. आणि मावशी. सुमेधाची आई रोजंदारीवर असायची तेव्हा तिला आणि मिथुनला एकाच परातीत बसवून आंघोळ घालणारी मावशी. जिकडं पाहावं तिकडं दार बंद दिसत होतं.

ती दवाखान्याकडे वळली नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाकडे चालायला लागली.

५

"जयभीम मावशी."

केशरबाई अंगणात भांडी घासत होत्या. सुमेधाच्या हातातली पिशवी पाहून त्यांचे राखेचे हात तसेच थांबले. "जयभीम. तू कामून आलीस? मीच आले असते."

"औषध बदलायचंय. पेशंटला बघितल्याशिवाय बदलता येत नाही."

"मग बघ की मला."

"तुला बघितलं, मावशी. तीनदा बघितलं. तुझं औषध वेगळं आहे, ते आणलंय." तिनं एक बाटली ओट्यावर ठेवली. "दुसरं कुणाला द्यायचं ते मला अजून दिसलं नाही."

केशरबाई उठल्या. घाई केली नाही. जाऊन त्या कापसाच्या खोलीच्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. दाराला कुलूप होतं. फटीतून कापसाची पांढरी भुकटी बाहेर येऊन उंबऱ्यावर साचली होती.

"तू डॉक्टर हायेस," त्या म्हणाल्या. "पोलीस न्हाईस."

"नाही. आणि पेशंटचं मी कुणाला सांगत नाही. यापुढंही सांगणार नाही."

"मंग झालं. जा."

"परवा मुजाहिद कोर्टात हो म्हणणार आहे."

"मला ठाव हाय. सगळ्या गावाला ठाव हाय." केशरबाईंनी दाराला पाठ आणखी दाबली. "आमिनाला दोन लेकं हायेत. मला एक हाय. मी काय केलं असतं? त्यो पुण्यालाच चालला होता. जालन्याला गेल्यावर ध्यानात आलं, आयटीआयचे कागद घरीच राह्यले. परत आला. कागद घेतले आन् संध्याकाळची गाडी गाठायची म्हणून गॅरेजात गेला, तर मुजाहिद न्हाई. पिकअप घेतली. जालन्यात ठेवून फोन करतो म्हणला. एवढंच. एवढंच केलं त्यानं."

"कुलूप कुणी लावलं, मावशी?"

केशरबाईंनी कमरेची किल्ली चाचपली. "आधी त्यानंच लाव म्हणलं. कुणाला दिसू नये म्हणून." त्यांनी राखेच्या हातानंच तोंड पुसलं. "आता म्हणतो जाऊ दे मला. मंग रडतो, न्हाई म्हणतो. पुन्हा म्हणतो. मी काढत न्हाई. मला त्याच्या म्हणण्याचा भरवसा ऱ्हायला न्हाई."

सुमेधानं चपला काढल्या आणि ती उंबऱ्याशी, दाराला खांदा लावून, जमिनीवर बसली. आतून उष्ण, धुळकट वास येत होता. तिनं दवाखान्यात बोलायची त्याच आवाजात म्हटलं, "मिथुन, मी सुमेधाताई. तुझं औषध ठरवायचंय. तुझं तू सांग. तहान आहे का?"

आत कापूस सरकल्याचा मऊ आवाज झाला. मग खोकला. मग अगदी जवळून, दाराच्या पलीकडून, "हाय."

"कशी?"

"घोटघोट."

"गार लागतं का कोमट?"

"काही बी. तोंड वलं झालं पाहिजे नुसतं." श्वास घेतला. "ताई, कडूबाबाला मी पाणी पाजलं व्हतं. माझ्या बाटलीतलं. मांडीवर डोकं घेतलं. दोन घोट घेतले त्यांनी. तिसरा घेतला न्हाई. मंग माणसांचा आवाज आला आन् मी पळालो."

केशरबाई सुमेधाशेजारी उंबऱ्यावर बसल्या. हे त्यांना माहीत नव्हतं.

"चांगुणाबाई तेवढंच विचारतेय," सुमेधा म्हणाली. "सगळ्यांना. पाणी तरी मिळालं का त्याला म्हणून. तिला सांगू शकेल असा माणूस गावात एकच आहे." मग तिचा नेहमीचा पुढचा प्रश्न. "हे कशानं वाढतं, मिथुन?"

"हॉर्ननं." आत कापूस पुन्हा सरकला. "मुजाहिदभाई आल्ता. अंगणात. आईला इचारत होता, मिथुन सुखात हाय ना. मी इथंच, या दाराला टेकून बसलो व्हतो. त्याच्यानंतर काहीच खाली उतरंना. घास बी."

"आणि कमी कशानं होतं?"

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. अंगणातल्या भांड्यांवर एक कावळा उतरला, चोच मारून उडाला. केशरबाई दाराकडे न पाहता, कमरेच्या किल्लीवर मूठ आवळून बसल्या होत्या. सुमेधानं पुन्हा विचारलं नाही. या प्रश्नाला वेळ द्यावा लागतो, घाई केली की माणूस जवळचं काहीतरी सांगून मोकळा होतो आणि औषध चुकतं. ती दाराला खांदा लावून बसून राहिली.

आतून दाराच्या फळीवर काहीतरी टेकलं. बहुधा कपाळ.

"आई," मिथुन म्हणाला. तो मधे थांबला नाही. "कुलूप काढ. गाडी मी चालवत होतो, आन् सोमवारी कोर्टात मी जाणार हाय."